खडखड्या हा दुष्काळाचाच रोग



बुरशी म्हटली की ओल, अशी आपली समजूत. पनवेलच्या भातखाचरांपुरती ती खरी आहे. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि दमट हवेत भातावर करपा पडतो. तेच ढग सह्याद्री चढताना रिकामे होतात. सोलापूरकडे सहाशेच्या आसपास पाऊस उरतो. तिथल्या ज्वारीची वैरीण बुरशी मात्र कोरडीची वाट पाहत असते.

तिचे नाव मॅक्रोफोमिना. आपण रोगाला खडखड्या म्हणतो. बारीक काळ्या कणांच्या रूपाने ती धसकटांत आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. रब्बी ज्वारी दाणे भरू लागते तेव्हाच रानाची ओल तुटते, ऊन तापते. ताट आपले सत्त्व दाण्याकडे ओढते, बुंधा दुबळा पडतो आणि बुरशी मुळांतून वर चढते. बुंधा पोकळ होतो, ताटे लोळतात, दाणा चिमतो, कडबाही वाया जातो. कपाशीची मूळकूज करणारीही हीच.

एकाच शिवारात माळाच्या हलक्या रानात ओल आधी संपते, रोगही आधी तिथेच दिसतो. खोलगटातले काळे रान जास्त दिवस तग धरते. म्हणून औषधाच्या बाटलीआधी मातीची खोली मोजा. पानांवर मारलेले औषध मुळातल्या बुरशीपर्यंत पोचत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वाणही जमिनीच्या खोलीप्रमाणे सांगितले आहेत : हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या आत उरका. त्याआधी पावसाळ्यात बंदिस्त वाफे करून पाणी जागीच जिरवा. दाट पेरू नका, नत्राचा मारा टाळा, कोळपून भेगा बुजवा. पाणी असेल तर पोटरी-फुलोऱ्यात एक पाळी द्या.

आणि एवढे करूनही ज्वारी लोळली, तर पंचनाम्यात नुसते ‘रोगाने नुकसान’ लिहू देऊ नका. पाऊस कधी थांबला, ओल कधी तुटली, रान किती खोल, हेही लिहून घ्या. लोळलेले ताट म्हणजे दुष्काळाची साक्ष आहे. ती साक्ष कागदावर आलीच पाहिजे, ही मागणी प्रत्येक जिल्हा बैठकीत मांडा.