आधी भांडण, मग प्रार्थना

मागच्या महिन्यात पुलगावला नात्यातल्या एका ताईकडे प्रार्थनेला गेले होते. तिचा मुलगा जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. गाणी झाली, शास्त्रपाठ झाला, आणि मग कुणीतरी म्हणालं, "ताई, आता तुम्ही साक्ष द्या. प्रभूने तुम्हाला कसं सांभाळलं ते सांगा." ती उठून उभी राहिली. तोंडातून शब्द फुटेना. शेवटी "प्रभूची इच्छा" एवढंच म्हणून खाली बसली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी नाही म्हटलं.

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून लिहिते आहे. वाचणाऱ्यांत आमच्या घरचे बरेच जण आहेत. रागावतील कदाचित. रागवा.

माझा धाकटा भाऊ २००६ साली गेला. देवळीजवळची कोरडवाहू जमीन, कपाशी, कर्ज. त्यानं स्वतःच आयुष्य संपवलं. त्याच वर्षी जुलै महिन्यात पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करून गेले, त्यात आपला वर्धाही होता. पेपरात रोज आकडे यायचे, आणि आमच्या घरात मात्र त्याचं नावही कुणी काढायचं नाही. मंडळीतल्या लोकांनी डबे आणले, रात्री सोबतीला राहिले, ते मी कधीच विसरणार नाही. पण जो तो म्हणायचा, रडू नको, विश्वास ठेव. एका भल्या माणसानं तर तुमचाच विश्वास कुठेतरी कमी पडला असंही सुचवलं. मग मी रडणं बंद केलं. दर रविवारी उपासनेला जायचे, मोठ्यानं गायचे. पोरगी किती धीराची, असं लोक म्हणत. धीर कसला... रात्र रात्र झोप नसायची.

यातून मला बाहेर काढलं ते आजीनं. आजी शाळेत गेलेली नव्हती, बायबल तिला ऐकूनच पाठ. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "काऊन वं, देवाशी बोलत नाईस का?"

"बोलते की. रोज प्रार्थना करते."

"ते नाई म्हणत मी. भांडतेस का त्याच्याशी? मार्था नाई का भांडली होती."

योहानाचा अकरावा अध्याय मी कितीतरी अंत्यविधींत ऐकला होता. पण आपण तो ऐकतो तो शेवटासाठी, लाजर कबरेतून बाहेर येतो त्यासाठी. मधलं सगळं कानावरून जातं. त्या रात्री उघडून नीट वाचलं. भाऊ आजारी असल्याचा निरोप गेलेला असतो, तरी येशू दोन दिवस उशिरा निघतो. पोचतो तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. मार्था वाटेतच त्याला गाठते, आणि तिचं पहिलं वाक्य उलाहन्याचं असतं, की तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मग मरिया येते. तीही हेच सुनावते. दोन बहिणी, एकच तक्रार! येशू दोघींवरही रागावत नाही. आणि पुढे काय करायचं आहे ते ठाऊक असूनही तो आधी रडतो.

त्या रात्री मी देवाला विचारलं, त्या दिवशी तू कुठे होतास? चांगल्या शब्दांत नाही विचारलं. उत्तर आलं नाही, उजेडबिजेडही पडला नाही. पण सात महिन्यांनी मी पहिल्यांदा रडले, आणि पहाटे झोप लागली.

मनाची जखम बरी होण्याचं पहिलं पाऊल मी याला म्हणते. ते 'सगळं ठीक आहे' म्हणण्याचं नसतं, ठीक नाही हे त्याच्याच तोंडावर सांगण्याचं असतं. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रं चाळून बघा, किती तक्रारी आहेत! अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. ते कुणी गाळून टाकलेलं नाही. आणि आपण मराठी माणसांनी याला बिचकावं हे तर नवलच. आपल्याकडे जनाबाई विठ्ठलाला काय काय बोलली आहे!

पंडिता रमाबाईंचं उदाहरण आपण नेहमी देतो, पण घाईघाईत देतो. दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतरानं गेली. १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ साली नवरा. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि आपल्या सांगण्यात गोष्ट तिथे संपते. त्यांच्या सांगण्यात संपत नाही. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहून काढली, तीत मन खरं निवायला बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षं गेल्याचं त्या कबूल करतात. आठ वर्षं! रमाबाईंना जे साधलं नाही ते आम्ही पुलगावच्या ताईकडून दीड महिन्यात मागतो. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या (वर्धा तेव्हा मध्य प्रांतातच होता) आणि उपाशी मुलींना बरोबर घेऊन गेल्या. स्वतःच्या उपासमारीचे दिवस तेव्हा त्यांना आठवत होते. म्हणजे जखम पुसली गेली नव्हती.

आपल्या घरांत भिंतीवर 'शांती' लिहिलेली पाटी असते आणि आपण तिचा अर्थ 'गप्प बसा' असा करतो. सेवाग्रामला गांधीजींच्या कुटीत, १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हा अमेरिकन पत्रकार आठवडाभर राहून गेला, तेव्हा भिंतीवर येशूचं एक चित्र होतं. आपली शांती तोच आहे, अशा अर्थाची ओळ त्याखाली होती. आणि ते चित्र रोज बघणारा माणूस दोन महिन्यांत साऱ्या देशाला 'चले जाव' म्हणायला लावणार होता. शांती आणि गप्प बसणं यांत फरक असतो, एवढं आम्हा वर्धेकरांना तरी कळायला हवं.

एक गोष्ट राहिलीच. मी सेवाग्रामच्या दवाखान्यात मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेले होते. काही महिने गोळ्या घेतल्या. त्यानं विश्वास कमी होतो म्हणणाऱ्यांनी आपली बीपीची गोळी आधी बंद करून दाखवावी. असो. इतक्या लांब जाणं जमत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

गेल्या आठवड्यात परत पुलगावला गेले. मुद्दाम कुणी नसेल अशा दुपारी गेले. बराच वेळ ती भाजीचे भाव, गावातलं लग्न असलं काहीबाही बोलत राहिली. मग एकदम म्हणाली, "मी त्या दिवशी आर्वीला गेले नसते तर..." आणि थोड्या वेळानं, "आणि तो तरी कुठे होता गं? त्याला तर कुठे जायचं नव्हतं ना?"

मी काही बोलले नाही. दोघींचा चहा निवून गेला. येत्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.