लाकडी कॅमेऱ्याची किंमत

मंडळी, निवृत्त शिक्षकाला सगळेच कळते अशी आमच्या कोयनानगर भागात एक समजूत आहे. त्यामुळे रेशनकार्डापासून पत्रिकेपर्यंत काहीही घेऊन लोक दारात येतात. अलीकडे त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "सर, माळ्यावर आजोबांचा लाकडी कॅमेरा आहे. गिऱ्हाईक आलंय. किती मागावेत?"

मी मराठीचा शिक्षक, कॅमेऱ्यातला नव्हे. पण शाळेत वर्षाच्या शेवटी वर्गाचा ग्रुप फोटो निघायचा, तेव्हा फोटोग्राफरची परवानगी काढून मी मुलांना एकेक करून त्या काळ्या कापडाखाली डोकावू देत असे. मागच्या घाशीव काचेवर शाळा उलटी, मुख्याध्यापक उलटे! विज्ञानाच्या तासाला न कळलेले भिंग मुलांना तिथे कळे. त्या ओढीने मी या विषयावर वाचत गेलो. त्यातून झालेले मत आज मांडतो.

निमित्त पाटण खोऱ्यातल्या एका माजी विद्यार्थ्याचे. त्याचे वडील लग्नांचे, शाळांचे, पंचायतींचे फोटो काढत. ते गेले, घराच्या वाटण्या झाल्या आणि कॅमेऱ्यावरून दोघा भावांत अबोला धरला गेला. धाकट्याला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवे होते, तर थोरल्याचे म्हणणे, वडिलांची आठवण विकायची नाही. बाहेरगावच्या एका खरेदीदाराने कॅमेरा, भिंग, तिपाई आणि काचेच्या निगेटिव्हच्या दोन पेट्या यांचे मिळून एकच उक्ते मोल सांगितले होते.

माझे म्हणणे असे, की विकण्यात कमीपणा काही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात भिंतींना शेवाळ येते. अशा हवेत माळ्यावर पडलेला कॅमेरा दरवर्षी थोडा थोडा मरतच असतो. भिंगात बुरशी शिरते, भात्याच्या घड्या चिरतात, लाकूड फुगून सांधे सुटतात. नुसते न विकणे म्हणजे जपणे नव्हे. पण विकायचे तर काय विकतो आहोत हे ओळखून विकावे, आणि उक्ते तर मुळीच विकू नये.

ओळखायचे कसे? आधी मागची काच मोजावी. पावणेपाच बाय साडेसहा इंच असेल तर तो हाफ प्लेट, साडेसहा बाय साडेआठ असेल तर फुल प्लेट. मग लाकडावरची छोटी पितळी किंवा हस्तिदंती रंगाची पट्टी शोधावी. थॉर्नटन-पिकार्डसारख्या इंग्लंडच्या कंपन्यांनी असे कॅमेरे पुष्कळ बनवले आणि हिंदुस्थानात ते भरपूर आले. त्यामुळे जुना आहे एवढ्यावर तो दुर्मिळ ठरत नाही. शिवाय चार बाय पाच इंची फिल्म आजही इल्फर्ड आणि कोडॅक बनवतात, पण हाफ प्लेटच्या मापाची सहज मिळत नाही. म्हणून वापरणारे गिऱ्हाईक चार बाय पाचकडे आधी वळते. सगळेच विलायती असतील असेही नाही. केरळात अलप्पुळाला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' नावाचा लाकडी कॅमेरा बनवायला सुरुवात केली आणि तो देशभरच्या स्टुडिओंत पोचला. त्या नावाची पट्टी दिसली तर ती आपल्या देशातल्या कारागिरीची खूण आहे.

दुसरी गोष्ट भिंग. कित्येकदा कॅमेऱ्यापेक्षा भिंगालाच मोल जास्त असते. कडेवर कोरलेले नाव वाचावे: डालमायर, रॉस, कुक, फोक्टलेंडर, त्साइस. शेजारचा क्रमांक लिहून ठेवावा, कारण त्यावरून बऱ्याच कंपन्यांच्या भिंगांचे साल काढता येते. १८४० साली योझेफ पेट्झवाल यांनी व्हिएन्नात माणसांच्या फोटोसाठी एक भिंग योजले. त्या जातीच्या पितळी भिंगातून चेहरा स्वच्छ येतो आणि कडा विरघळल्यासारख्या दिसतात. ही गंमत संगणकाच्या युगातही लोकांना हवी आहे, म्हणून अशा भिंगांना मागणी आहे. विजेरी लावून भिंगातून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर बुरशी, कडेला पिवळट डाग किंवा इंद्रधनुषी झाक दिसली तर दोन काचा जोडणारा डिंक सुटलेला. हे गिऱ्हाइकाने दाखवण्याआधी आपल्याला माहीत असलेले बरे.

तिसरी गोष्ट, काचा भरायच्या लाकडी स्लाइडा. त्या बहुधा त्या त्या कॅमेऱ्याच्या मापाच्याच असतात. त्या हरवल्या तर कॅमेरा दिवाणखान्यातली शोभेची वस्तू होतो. तिपाईचेही तसेच. हल्ली अशा तिपायांचे दिवे करून विकतात. पाहायला छान, पण मोडलेल्या संचाची किंमत गेली ती गेलीच.

आणि कृपा करून दिवाळीच्या आधी तांब्या-पितळेबरोबर भिंगही पितांबरीने घासू नका! जुन्या पितळेवर रोगणाचा पातळ थर असतो. तो गेला की चकाकी येते आणि किंमत उतरते. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसावी, बस्स.

भाव पाहताना विकणारे काय मागतात ते पाहू नये, वस्तू शेवटी कितीला गेली ते पाहावे. मागायला काय, कोणी लाखही मागेल! परदेशी गिऱ्हाईक असेल तर कायदाही पाहावा. १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कला, विज्ञान किंवा कारागिरी दाखवणारी वस्तू पुरातन ठरू शकते, आणि तशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. शंका असेल तर वस्तू पुरातन नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो.

आता मुख्य मुद्दा, त्या दोन पेट्यांचा. "या काचा धुऊन आम्ही फोटोच्या चौकटींना वापरू," असे खरेदीदार सहज म्हणाला. त्याचे काही चुकले असे मी म्हणत नाही. बाजारात त्या काचांना काचेचाच भाव. पण त्या काळी प्रिंट गिऱ्हाइकाच्या घरी जाई आणि निगेटिव्ह फोटोग्राफरकडे राही. आमच्या खोऱ्यात याला फार अर्थ आहे. धरणाचे काम झाले, १९६० च्या दशकात शिवसागर भरला आणि कितीतरी गावे पाण्याखाली गेली. माणसे ट्रंका, भांडी, देव घेऊन दूरदूरच्या जिल्ह्यांत पांगली. मग ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला. सुमारे १८० माणसे गेली, कोयनानगरातली बहुतेक घरे पडली. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो. भिंती पडल्या तेव्हा भिंतींवरचे फोटोही गेले. आज कितीतरी घरांत आजीचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. तो कुठे उरला असेलच, तर अशा एखाद्या पेटीतल्या काचेवर, उलटा, काळ्याचा पांढरा झालेला.

म्हणून मी त्या भावांना म्हटले, कॅमेरा तुमच्या वडिलांचा, तो खुशाल विका. काचांवरचे चेहरे मात्र गावाचे आहेत. त्यांची किंमत कोणी देत नाही म्हणून त्या फुकट देऊन टाकायच्या का?

त्यांनी ऐकले. कॅमेरा, भिंग, स्लाइडा आणि तिपाई असा पूर्ण संच त्यांनी स्वतः काचेवर फोटो काढणाऱ्या एका तरुणाला विकला. उक्त्या मोलापेक्षा रक्कम जास्त आली, आणि वडिलांच्या भिंगातून पुन्हा प्रकाश जाणार म्हणून थोरल्याचाही राग निवळला. काचा घरीच राहिल्या. एकेक काच कागदी पाकिटात घालून, लांब कडेवर उभी ठेवून, लाकडी पेटीत कोरड्या जागी. पाणी लावायचे नाही, बोटे कडेलाच. नातीने उजेडाच्या पाटीवर ठेवून मोबाइलने प्रती काढायला घेतल्या आहेत. मोबाइलमध्येच रंग उलटे केले की माणूस समोर उभा!

मोठमोठे संग्रह आहेतच. मुंबईच्या दिलीश पारेख यांचा हजारो कॅमेऱ्यांचा संग्रह गाजला, गुरुग्रामला आदित्य आर्य यांच्या संग्रहातून 'म्युझिओ कॅमेरा' उभे राहिले. तिथे लाकूड-पितळ जपले जाईल. पण कोयनेच्या काठच्या माणसांना नावाने ओळखणारे तिथे कोण असणार? ते काम आपलेच. आणि ओळखणारे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत, हेही विसरून चालणार नाही.

नातेवाईक मंडळींना विशेष विनंती. कोणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल तर विकण्याआधी एकदा खिडकीशी धरून बघा. काही चेहरे मी ओळखीन, काही तुमचे थोरले ओळखतील. नाव पाकिटावर पेन्सिलीने लिहून ठेवा. कॅमेऱ्याचा भाव पुढच्या महिन्यात विचारला तरी चालेल.