पियानोला हात लावू नये

मुलांच्या आग्रहास्तव मॉसन लेक्स येथील घरी आम्ही 'प्लूटो' या जपानी विज्ञान-चित्रमालिकेचा पहिला भाग पाहिला. ऑक्टोबर 2023 मध्ये नेटफ्लिक्सवर आलेली ही आठ भागांची मालिका नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवर आधारलेली असून तिचे मूळ ओसामू तेझुका यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय'मध्ये आहे. 1972 पासून भगवान बुद्धांचे चरित्र चित्रांतून रेखाटताना प्रारंभीच एक दासपुत्र आणि एक अस्पृश्य पोर उभे करणारे, तेच हे तेझुका!

आमचे मन गुंतले ते नॉर्थ क्रमांक दोन या यंत्रमानवाच्या कथेत. युद्धासाठी घडविलेला हा यंत्रमानव एका अंध संगीतकाराच्या घरी सेवक म्हणून येतो. त्यास पियानो शिकावयाचा आहे. पियानोला हात लावू नकोस, असे धनी त्यास संतापाने बजावतो. येथे आम्ही वडीलधारे एकाएकी गप्प झालो. मुलांनी कारण विचारले. आजोबांच्या गावचा पाणवठा त्यांना समजावून सांगेपर्यंत मालिका थांबवून ठेवावी लागली.

पुढे हा सेवक धन्याच्या बालपणीचे हरवलेले सूर बोहेमियातून शोधून आणतो, तेव्हा धन्याचे मन पालटते. चित्रण हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु आमचा मतभेद आहे तो येथेच. ते सूर सापडले नसते तर? सन्मानापूर्वी गुणवत्तेचा दाखला आणण्याची अट धन्याला कोणी घातली होती?

आमची धाकटी म्हणाली, "त्याला वाईट वाजवता आलं असतं, तरी शिकवायला हवं होतं." उरलेले सात भाग आता तिच्याच शेजारी बसून पाहावयाचे आहेत.