प्रशिक्षण तांडेलाला द्या

डॉल्फिनला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. गिलनेट जाळ्याच्या बारीक नायलॉनमध्ये शेपूट किंवा चोच अडकली की काही मिनिटांत तो पाण्याखाली गुदमरतो. किनाऱ्यावरून निघालेले बचावपथक तेथे वेळेत पोहोचणे जवळपास अशक्यच. त्या क्षणी हाताशी असतो तो होडीचा प्रमुख, म्हणजे तांडेल, आणि त्याचे खलाशी. म्हणून डॉल्फिन वाचवणारे पथक घडवायचे तर ते याच माणसांतून घडवले पाहिजे.

कोकण किनाऱ्यालगत दिसणारा हंपबॅक डॉल्फिन आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते आणि पुढचे व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. त्यामुळे थोडे मृत्यूही या प्रजातीला भारी पडतात. तो उथळ पाण्यात राहतो आणि छोट्या होड्यांची जाळीही तेथेच पडतात. जाळ्यातली मासळी ओढताना तो जाळे फाडतो, कधी स्वतःच गुरफटतो. मच्छीमाराचे नुकसान खरे आहे आणि ते मान्य केल्याशिवाय त्याच्याशी बोलता येणार नाही. त्यात हा डॉल्फिन वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांत मोडतो. मेलेला डॉल्फिन बंदरात आणला तर चौकशी मागे लागेल, या धास्तीने तो मुकाट्याने समुद्रात सोडून दिला जात असेल, तर मृत्यूंची नोंद होणार कशी?

जाळे कापून संरक्षित प्राण्याला सोडणाऱ्यास २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्ये आणली, हे योग्यच झाले. पण जाळे कुठे कापायचे, श्वासरंध्र पाण्यावर कसे धरायचे, शेपटीला दोर बांधून ओढायचे का नाही, हे हाताने करून पाहिल्याशिवाय येत नाही. तांडेलांना असे तयार करता येते: पाकिस्तानात डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेने २०१२ पासून ट्यूना पकडणाऱ्या होड्यांच्या तांडेलांनाच निरीक्षक म्हणून तयार केले. गिलनेट पृष्ठभागाखाली सुमारे दोन मीटर उतरवले की डॉल्फिन कमी अडकतात, हे त्यांच्याच नोंदींतून दिसले. ती खोल समुद्रातली मासेमारी. आपल्या उथळ पाण्यात हा उपाय आधी तपासावा लागेल आणि तो तपासायलाही नोंद ठेवणारे तांडेलच लागतील.

पावसाळी मासेमारीबंदीत, १ जून ते ३१ जुलै, यांत्रिक होड्या किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्त होत असतात. वन विभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी याच दोन महिन्यांत मच्छीमार सोसायट्यांमध्ये जाऊन तांडेलांच्या प्रशिक्षणाचे वर्ग घ्यावेत. अपघाताने अडकलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी तेथेच द्यावी.