पोपटीचं मडकं डिकीत मावतं का?

ज्या मुलखात मे महिना लागला की माणसं कौलं चाळतात, पत्र्याच्या खिळ्यांवर डांबर लावतात आणि पडवीला झापं बांधतात, त्या मुलखातल्या माणसाला छताला मुद्दाम भोक पाडलेली गाडी जादा पैसे घेऊन विकायची, याला म्हणतात विक्रीकला. ही कला या आठवड्यात मी फार जवळून पाहिली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, असं मी पनवेलच्या शोरूममधल्या मुलाला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "काका, पावसात सनरूफ बंद ठेवायचं असतंय." आणि उन्हाळ्यात? "उन्हाळ्यात पण बंदच. एसी चालू असतोय ना." राहता राहिली थंडी. ती आमच्या अष्टमी गावात कुंडलिकेच्या काठी पहाटे येते आणि चहा होईपर्यंत जाते.

आमची जुनी डिझेल गाडी नेहमीच्या वाचकांना माहीत आहे. तिच्या सायलेन्सरवर, तिच्या मागच्या डाव्या दरवाजावर आणि ती बंद पडली की ढकलायला येणाऱ्यांच्या स्वभावांवर याच जागी लिहून झालं आहे. तिची पंधरा वर्षं भरत आली. पेणच्या आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करून घ्यायचं की नवी घ्यायची, यावर घरात मतदान झालं आणि मी पडलो. पडलेल्या उमेदवाराला एवढीच सवलत मिळाली की नवी गाडीसुद्धा डिझेलचीच घ्यायची. मात्र ती लहान हवी. आमच्या गल्लीत मिनिडोर शिरली तरी समोरच्या ओट्यावर बसलेली मंडळी पाय वर घेतात.

आता 'लहान' आणि 'डिझेल' हे एका दमात म्हटलं की शोरूममधली माणसं एकमेकांकडे बघतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ निकष आले. डिझेलचा धूर निवळायची यंत्रणा लहान गाडीच्या किमतीत बसेना, म्हणून मारुतीनं डिझेल बंदच केलं, आणि स्विफ्टपासून व्हिस्टापर्यंत सगळ्यांच्या पोटात असलेलं ते १२४८ सीसीचं फियाटचं इंजिनही गेलं. २०२३ मध्ये निकष आणखी आवळले, तेव्हा ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीचं डिझेल संपलं. आज हॅचबॅक म्हणावी अशी डिझेल गाडी टाटांची अल्ट्रोझ, ही एकच. बाकी नेक्सॉन, सोनेट, व्हेन्यू, थ्री-एक्स-ओ या चार मीटरच्या आतल्याच, पण उंच बांध्याच्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून १५०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या डिझेल गाडीवरचा कर, उपकर धरून ३१ टक्के होता तो, १८ वर आला. डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे तेरा-चौदा रुपयांनी स्वस्त. राज्याचा कर मात्र दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के आणि डिझेलला १३. यातली कुठली गाडी मी चालवून पाहिली, ते सांगत नाही. या पानाच्या तळाशी कोणाची जाहिरात येईल याचा नेम नसतो आणि संपादकांशी माझे संबंध बरे आहेत.

डिझेलचं वेड आमच्या पिढीला इंडिकेनं लावलं. १९९८ च्या डिसेंबरात ती आली. झेनएवढी लांबी, अँबेसिडरएवढी ऐसपैस, आणि डिझेलवर चालणारी, असा तिचा बोलबाला होता. तेव्हा निवडायचं काय, तर एसी हवा की नको, पॉवर स्टेअरिंग हवं की नको, रंग कुठला. रंगावर घरात भांडण व्हायचं आणि शेवटी शोरूममध्ये जो असेल तो यायचा. आता तो मुलगा टॅबवर बोट सरकवत राहतो आणि एकाच गाडीचे इतके प्रकार दाखवतो की तिसऱ्यानंतर पहिला आठवत नाही. आतल्या दिव्यांचा रंग बदलता येतो. सीटमधून वारा येतो. फोन तारेशिवाय चार्ज होतो. मी म्हटलं, मला मागच्या काचेला वायपर पाहिजे. पावसात आमच्या रस्त्यांवर मागची काच दहा मिनिटांत तांबडी होते, मागून एसटी येते का डंपर ते कळत नाही. तो म्हणाला, "मागचा वायपर वरच्या मॉडेलला येतोय, सर." वरच्या मॉडेलला आणखी काय येतं? अर्थातच सनरूफ.

हे सगळ्या कंपन्यांचं सारखंच असतं, कोणा एकीला बोलायचं कारण नाही. कोकणातल्या माणसाला हव्या असलेल्या वस्तू मोजक्याच: मागचा वायपर, काचेवरचं दव घालवायची तार, धुक्याचे दिवे, मडफ्लॅप, बुडाला गंज धरू नये म्हणून लेप आणि खरीखुरी स्टेपनी. नेमक्या या वस्तू अशा विखरून ठेवलेल्या असतात की सगळ्या मिळवायच्या तर गुडगावच्या माणसाची आख्खी हौस आपण विकत घ्यायची. स्टेपनीबद्दल विचारलं तेव्हा शोरूममधल्या दुसऱ्या एका मुलीनं हसून सांगितलं की हल्ली पंक्चर किट देण्याकडे कल आहे. तिला मी जुलै महिन्यात सुकेळी खिंडीत उभं राहून ते किट वापरायला बोलावलं. तिनं सुट्टीचा दिवस विचारून घेतला. मला वाटतं, ती सहल समजली.

व्याजदराचं तिनं मला समजावून सांगितलं, ते मात्र मी ऐकून घेतलं नाही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे आमच्या रोह्याचे. हप्त्यांच्या बाबतीत आम्हाला पनवेलनं शिकवू नये.

तर गाडी घरी आली. हल्ली टेस्ट ड्राइव्हला गाडीच दारात आणतात. घेऊन आला तोच मुलगा, लातूरकडचा, पनवेलला नोकरीला लागून थोडेच दिवस झालेले. मी आमच्या शेजारच्या चाचांना बोलावून घेतलं. चाचांचं गॅरेज आता मुलगा बघतो, पण अष्टमीत डिझेल इंजिनाला काय दुखतंय हे सांगायचं झालं तर त्यांनाच बोलवतात. बोनेटवर हात ठेवून ते नोझल कुठलं गेलंय ते सांगत. त्यांनी बोनेट उघडायला लावलं, चष्मा पुसला, आत बघितलं आणि विचारलं, "इंजिन कुठाय?" आत नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण. मुलगा म्हणाला, झाकणाच्या खाली आहे. "मग झाकण काढ." ते वॉरंटीत बसत नाही म्हणे. चाचांनी बोनेट लावलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

आम्ही नागोठण्याच्या बाजूला निघालो. भिसे खिंडीचा चढ हा माझा जुना मापदंड आहे. पेट्रोलची गाडी जिथं दुसरा गियर मागते, तिथं ही तिसऱ्यात, एसी लावून, आम्ही चौघं आत असताना, निमूट चढली. इथं मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही, पण कौतुकाचं होतं. डिझेलची ही खालच्या वेगातली ओढ ज्याला एकदा लागली त्याला बाकीचं पटत नाही. मागून ही म्हणाली, "आवाज केवढा कमी आहे." चाचा म्हणाले, "तेच तर. बिघडली तर कळणार कशी?"

खिंडीच्या माथ्यावर गाडी थांबवली तेव्हा मुलानं विचारलं, "काका, तुमचं रोजचं रनिंग किती?" म्हटलं, पूल ओलांडून रोह्याच्या बाजारात, आणि परत. त्याचा चेहरा उतरला. मुलगा प्रामाणिक निघाला, त्यानं सांगितलं. नव्या डिझेलच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते, डीपीएफ. ती भरली की आपली आपण काजळी जाळते, पण त्यासाठी तापावी लागते, आणि तापायला गाडी साठ-सत्तरच्या वेगानं न थांबता पंधरा-वीस मिनिटं पळावी लागते. नुसती बाजारात नेली-आणली तर जाळी तुंबते, दिवा लागतो, आणि मग खर्च. चाचांनी मान वळवून विचारलं, "म्हणजे हिला कुत्र्यासारखं रोज फिरवून आणायचं?" रोज नाही, अधूनमधून, असं मुलानं सांगितलं.

आता साठ-सत्तरच्या वेगानं, न थांबता, वीस मिनिटं. कुठं? आमच्या हाताशी हमरस्ता आहे तो मुंबई-गोव्याचा. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा चौपदरी करायचं काम २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत घातलेली मुलं आता स्वतःच्या लायसनवर त्याच कामातून वाट काढतायत. शंभर फूट सुरेख काँक्रीट लागतं, जीव जरा हरखतो, तेवढ्यात पिंप आडवं घालून डावीकडे उतरवतात. त्या रस्त्यावर काजळी जळायची ती गाडीची नाही, चालवणाऱ्याची. आणि १३ टक्के कर, तोही डिझेल म्हणून दोन टक्के जास्त!

यावर रेल्वेनं मोठा गमतीचा उपाय काढला. कोलाडहून वेर्ण्याला मालगाडीवर ट्रक चढवून नेण्याची रो-रो सेवा १९९९ पासून चालू आहेच. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेनं तीच सोय खासगी मोटारींना दिली, गाडीमागे ७,८७५ रुपये. म्हणजे मी नवी गाडी घेऊन कोलाडला जायचं, ती वाघिणीवर चढवायची आणि आपण डब्यात बसून तिच्याकडे लक्ष ठेवायचं. असं गेलं तर मायलेज कुठल्याही कंपनीच्या दाव्यापेक्षा जास्त पडतं. पण जाळी? ती थंडच. आणि ती कोकण रेल्वेसुद्धा २०२२ साली सगळीच्या सगळी विजेवर आली. डिझेलला धरून बसलेले या बाजूला मी, डंपरवाले आणि मिनिडोरवाले.

परतताना खिंड उतरल्यावर ही एकदम म्हणाली, "थांबवा, थांबवा." मला वाटलं, कोणी आडवं आलं. तसं काही नव्हतं. बांधाच्या कडेला भांबुर्डा माजला होता. अहो, जानेवारी चालू आहे, शेंगा भरल्यायत, शनिवारी पोपटी ठरलेली, आणि बाजारात पाल्याची जुडी विकत घ्यायची वेळ आलीय. ही उतरली, चाचा उतरले, मी उतरलो. मुलगा दार धरून उभा. "काका, डेमोची गाडी आहे, घाण होईल." पण डिकी कितीशी लागते हे बघणं टेस्ट ड्राइव्हमध्येच येतं की नाही? डिकीची मापं हे लोक लिटरमध्ये सांगतात. लिटरमध्ये मी दूध मोजतो. डिकीत पोपटीचं मोठं मडकं आडवं न करता मावतं का, शेजारी शेंगांचं पोतं आणि वर पाला राहतो का, हे मला कुठल्याही पत्रकात सापडलेलं नाही. म्हणून पाला भरून पाहिला. मडकं चाचांच्या घरून नंतर आणून पाहिलं. मावतं.

भांबुर्ड्याचा वास बंद गाडीत काय दरवळतो, ते घाटावरच्या माणसाला एकदम सोसत नाही. त्यानं काच खाली केली आणि विचारलं, हे काय असतंय. मग अष्टमी येईपर्यंत गाडीचा विषय निघालाच नाही. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल होतात. डोलवहाळच्या बंधाऱ्याचं पाणी कालव्यानं जिथं पोचतं तिथं लोक उन्हाळी भात लावतात, पोचत नाही तिथं वाल, आणि पाणी न पाजलेल्या वालाच्या शेंगेची चव पाजलेलीला येत नाही, हे हिनं सांगितलं. मडक्याच्या तळाला पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मधे बटाटे, रताळी, अंडी, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला दाबून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. "पाणी किती?" थेंब नाही. "तेल?" चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. कोंबडीच्या मसाल्याला तेल लावायचं की नाही, यावर चाचांचं आणि हिचं गेली कित्येक वर्षं जमलेलं नाही. ते भांडण गाडीत नव्यानं सुरू झालं. हिच्या मते चमचाभर चालतं. चाचांच्या मते तेल लावायचंच असेल तर घरी कढईत करावी, शेतात जाऊन थंडीत बसायचं सोंग कशाला? मुलगा मधेच विचारी, शिजलं हे कळतं कसं? मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा. चर्र होऊन जागच्या जागी उडाला की उतरवायचं.

त्याला ते फार आवडलं. त्याच्या गाडीत इतके सेन्सर, पण त्यानं हे वहीत लिहून घेतलं.

आजकाल पोपटीचेही प्रकार निघालेत, हे त्याला सांगायचं राहिलं. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवार शेतघरांवर येतात, त्यांच्यासाठी पनीर पोपटी, मश्रूम पोपटी, चीज घातलेली पोपटी. एका ठिकाणी तर मडक्याखाली गॅसची शेगडी पाहिली. शेंगा मात्र वरच्या मॉडेलला.

बुकिंग अजून केलेलं नाही. हिला पांढरी हवी, मला कुठलीही चालेल, चाचांना झाकण काढून हवं. शोरूममधून रोज फोन येतो. काल त्या मुलाचा आला तेव्हा मी 'विचार चालू आहे' म्हणायच्या तयारीत होतो. तो म्हणाला, "काका, शनिवारी किती वाजता यायचं? आमचे मॅनेजर पण येतो म्हणालेत. ते तिखट कमी खातात, त्यांच्यापुरती एक कोंबडी वेगळी बांधता येईल का?" फोन स्पीकरवर होता. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "येईल म्हणावं. खालच्या मॉडेलला मागचा वायपर लावून देतात का ते विचारा."