लहरी आधी मोजल्या की नंतर?

१/ सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले असतात. घाटकोपर, मुलुंड किंवा बोरिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये एका हातात कडी आणि दुसऱ्या हातात मोबाईल. पडद्यावर बँक निफ्टीचा पाच मिनिटांचा आलेख, आणि त्यावर कोणीतरी लिहून पाठवलेले आकडे : १, २, ३, ४, ५, पुढे ए, बी, सी. याला ‘इलियट वेव्ह काउंट’ म्हणतात. इतिहासाच्या थ्रेडमध्ये हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण सलग वाहत्या काळाचे तुकडे पाडून त्यांना नावे देणे हे आपलेच काम आहे. म्हणून हे काम कसे फसते, तेही आपल्याला ठाऊक असायला हवे.

२/ राल्फ नेल्सन इलियट (१८७१–१९४८) हे अमेरिकन लेखापाल. मध्य अमेरिकेत रेल्वे कंपन्यांचे हिशेब सांभाळण्यात त्यांची बरीच वर्षे गेली. तिथे जडलेल्या आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवले आणि साठीच्या उंबरठ्यावर ते अमेरिकी बाजाराचे सुमारे ७५ वर्षांचे भाव घेऊन बसले. १९३८ साली ‘द वेव्ह प्रिन्सिपल’ प्रसिद्ध झाले. मांडणी अशी : समूहाचे मन ठरावीक लयीत चालते, भाव मुख्य दिशेने पाच लहरींत सरकतो, उलट दिशेने तीन लहरींत परततो, आणि प्रत्येक लहरीच्या पोटात तशाच धाकट्या लहरी असतात.

३/ कडक नियम तीनच. दुसरी लहर पहिलीच्या आरंभबिंदूपलीकडे जाऊ नये. पहिली, तिसरी आणि पाचवी यांत तिसरी सर्वांत आखूड नसावी. चौथीने पहिलीच्या हद्दीत शिरू नये. बाकी सारे लवचीक आहे. पाचवी लहर लांबू शकते, खुंटूही शकते. परतीच्या लहरी तिरप्या, सपाट, त्रिकोणी किंवा दोन-तीन आकृत्या जोडून झालेल्या असू शकतात. नियम मोडलाच, तर तोच तुकडा वरच्या किंवा खालच्या श्रेणीत ढकलता येतो. इलियटनी अशा नऊ श्रेणींना नावे देऊन ठेवली आहेत. इतक्या पळवाटा असलेली वंशावळ एखाद्या दप्तरात सापडली असती, तर आपण तिच्याकडे संशयानेच पाहिले असते.

४/ इलियटना त्यांचे श्रेय द्यावे लागेल. मार्च १९३५ मध्ये त्यांनी चार्ल्स कॉलिन्स यांना तार करून घसरण संपत आल्याचे कळवले, आणि बाजार पुढे सुमारे दोन वर्षे चढला. ही तार मोलाची आहे, कारण ती घटनेच्या आधीची आहे. याच पद्धतीचे आजचे सर्वांत प्रसिद्ध भाष्यकार रॉबर्ट प्रेक्टर यांनी २००२ साली महामंदीचा इशारा देणारे पुस्तक लिहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डाऊ जोन्सने तळ गाठला आणि पुढची पाच वर्षे तो वरच गेला. २००८ ची पडझड आली खरी, पण मे २०२४ मध्ये त्याच निर्देशांकाने ४०,००० चा टप्पा ओलांडला. तार आणि पुस्तक दोन्हींवर तारीख आहे, म्हणून दोन्ही तपासता येतात. मोबाईलवर फिरणाऱ्या बहुतेक काउंटांचे तसे नसते.

५/ आता घरचे उदाहरण. अमेरिकी यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरला तिथला कापूस मिळेना, भारतीय कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बॅकबे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध आटोपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस. तोवर शेअर घ्यायला पैसेच उरले नव्हते. प्रेमचंद रायचंद बुडाले, आणि शेअरच्या तारणावर मुक्तहस्ते कर्जे दिलेली बँक ऑफ बॉम्बेही पुढे गुंडाळावी लागली.

६/ या चढउतारावर पाच आणि तीन लहरी बसवता येतील, तेही झकास. पण त्यातून जनरल लीची शरणागती दिसत नाही, १ जुलै ही तारीख दिसत नाही, बँकेच्या संचालकांचा बेफिकीर कारभार दिसत नाही. आकृती उरते आणि माणसे गळून पडतात. दिनशा वाच्छांनी १९१० साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले, ते आजही वाचले जाते, कारण कोणी कोणाला कशाच्या तारणावर पैसे दिले हे ते सांगते.

७/ दीडशे वर्षांचा पट असेल तर एक वेळ ‘समूहमन’ हे उत्तर चालेल. एका दिवसाच्या आलेखाचे काय? १७ जानेवारी २०२४, बुधवार, बँक निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी. आदल्या दिवशी एचडीएफसी बँकेचे तिमाही निकाल आले होते. निर्देशांक ४८,१२५ वरून थेट ४६,५७४ च्या आसपास उघडला, सकाळी सावरला, नंतर पुन्हा घसरला आणि उघडला होता त्याच्याही खाली बंद झाला. काउंट सहज बसतो : उघडतानाची दरी ही तिसरी लहर, सकाळची उसळी चौथी, दुपारची घसरण पाचवी.

८/ सेबीच्या ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात त्या ‘चौथ्या लहरी’चे वर्णन निराळे आहे. आरोप असा : जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीच्या गटाने सकाळी बँकांचे शेअर आणि फ्युचर्स मिळून सुमारे ४,३७० कोटी रुपयांची निव्वळ खरेदी केली, त्याच वेळी ऑप्शनमध्ये त्याहून कितीतरी मोठे उलट सौदे उभे केले आणि नंतर ती खरेदी विकून टाकली. या व अशा इतर दिवसांसाठी मिळून ४,८४३ कोटींहून अधिक रक्कम रोखण्याचा आदेश निघाला. कंपनीने आरोप नाकारले, हे व्यवहार नेहमीचे आर्बिट्राज असल्याचे सांगितले आणि अपिलीय न्यायाधिकरणात दाद मागितली. निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो ठरेल ऑर्डरच्या वेळांवर आणि रकमांवर. तिथे ‘मिलॉर्ड, ती चौथी लहर होती’ असा युक्तिवाद दोन्हीकडचे वकील करणार नाहीत.

९/ माझा आक्षेप नेमका इथे आहे. आलेख जितका लहान, तितके एका मोठ्या खरेदीदाराचे, एका निकालाचे किंवा एका एक्स्पायरीचे वजन जास्त. म्हणजे जिथे कारण शोधण्याची गरज सर्वाधिक, तिथेच लहरींचे नाव देऊन शोध थांबवला जातो.

१०/ थोडे विषयांतर. लहरींची लांबी मोजताना ०.६१८ हे फिबोनाची गुणोत्तर लावतात आणि ते सृष्टीचे गुपित असल्यासारखे सांगतात. फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा. लघू एक मात्रेचा, गुरू दोन मात्रांचा; तर अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येते, हे मोजताना विरहांक आणि हेमचंद्र हीच श्रेणी त्याआधी मांडून गेले होते. फरक इतकाच की छंदात मात्रा आधी ठरतात आणि ओळ नंतर लिहिली जाते.

११/ हे एवढे ताणण्याचे कारण तुमच्या-माझ्या वयात आहे. १९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडद्यावरचे व्यवहार सुरू झाले, पुढच्या वर्षी मुंबई शेअर बाजारही पडद्यावर आला, आणि दलाल स्ट्रीटच्या रिंगणातला गलका हळूहळू उपनगरांतल्या टर्मिनलांवर व शेवटी आपल्या खिशात आला. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधील ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. तिशीखालच्यांचे प्रमाण एकाच वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेले.

१२/ तेव्हा कोणी काउंट पाठवला, तर एखाद्या बखरीला विचारतो तेच विचारा : हे कधी लिहिले? घटनेच्या आधी की नंतर? आणि कोणत्या भावाला हा काउंट चुकला असे तुम्ही मान्य कराल? तो भाव आजच, तारखेसह लिहून घ्या. तीन कडक नियम इलियटनीच दिले आहेत, त्यामुळे असा आकडा मागणे त्यांच्या पद्धतीवर अन्याय ठरत नाही. आकडा मिळाला तर जपून ठेवा, महिन्याभराने दोघे मिळून पाहू.