पाटा वाढवून ब्रेक वाढत नाही

मागे एका जुम्याच्या नमाजनंतर मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर माझ्या भाच्याचा खटला चालला होता. पोरगा तेवीस वर्षांचा, बागवानाचा. कराडच्या बाजारातून भाजी उचलायची आणि कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायची, हा घरचा धंदा. आजवर भाड्याची गाडी होती, आता स्वतःची घ्यायची आहे. छोटी घ्यायची की मोठी, एवढाच प्रश्न. टपरीवर सात माणसं आणि सातही जण वकील.

तीन जण म्हणाले, "छोटा हत्ती घे, मागे दोन पाटे वाढव, दीड टन आरामात उठेल." तिघे म्हणाले, "घ्यायची तर मोठीच घे, जन्मात एकदा घेतो माणूस." सातव्यानं मला विचारलं, "सर, तुम्ही काय म्हणता?" मोहल्ल्यातले फॉर्म, नोटिसा, विम्याची पत्रं वाचून देण्याचं काम माझ्याकडे असतं, म्हणून विचारलं. मी भाषेचा शिक्षक, गाड्यांमधलं मला काय कळणार? पण वाचता येतं. आणि या भांडणाचं उत्तर लिहिलेलंच आहे. ते कुणी वाचत नाही, ही माझी तक्रार.

दोन्ही गट चुकलेत, पण सारखे नाहीत. मोठी गाडी घेऊन फसणारा पैशाला मुकतो. छोटीवर दुप्पट लादणारा माणसाला मुकतो. म्हणून पहिल्या गटाशी जास्त बोलणार आहे.

तुमच्या गाडीचं आरसी बुक काढा. त्यावर दोन वजनं आहेत: रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं. दुसऱ्यातून पहिलं वजा करा. उरलं तेवढं तुमचं. शेजारचा काय सांगतो, मिस्त्री काय सांगतो, चुलत्यानं कधी काळी किती वाहिलं, यानं तो आकडा हलत नाही. यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. मोटार वाहन कायद्यात रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात. म्हणजे तुम्ही, शेजारी बसलेला भाऊ, नंतर बसवलेली जाळी, ताडपत्री, दोरखंड, स्टेपनीखाली कोंबलेलं पोतं, सगळं त्या उरलेल्या आकड्यातून जातं.

२००५ साली टाटांनी एस बाजारात आणली. दोन सिलिंडर, ७०२ सीसी, सोळा हॉर्सपॉवर. लोकांनी तिला छोटा हत्ती हे नाव दिलं आणि तिथेच घोटाळा झाला असं मला वाटतं. नावात हत्ती आला, आणि छोटा हा शब्द सगळे विसरले. ती गाडी तीनचाकी टेम्पोवाल्याला चार चाकं मिळावीत, गल्लीबोळात माल पोचवता यावा म्हणून बनवली होती, आणि ते काम तिनं फार चोख केलं. आमच्या गावातली कितीतरी घरं तिच्यावर उभी राहिली, हे नाकारणारा मी कोण? पण तिची ताकद पाऊण टनाची. साडेसातशे किलो.

आता बागवानाचा हिशेब करू. टोमॅटोचा भरलेला क्रेट बावीस किलोच्या आसपास. साडेसातशेतून दोन माणसांचे एकशे तीस किलो गेले, राहिले सहाशे वीस. म्हणजे अठ्ठावीस क्रेट. बाजारातून निघणारी छोटी गाडी मी रोज शाळेला जाताना बघतो. साठ क्रेट असतात. साठ क्रेट म्हणजे तेराशे वीस किलो, वर दोन माणसं. साडेचौदाशे. जवळपास दुप्पट.

हे कसं जमतं? पाट्यानं. मिस्त्री मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढवतो, आणि गाडी बसत नाही. हौदा सरळ दिसतो, मालक खूश होतो. गाडीनं वजन पेललं असं डोळ्यांना वाटतं. पण पाट्यानं फक्त हौदा वर धरला. ब्रेकचे ड्रम तेवढेच राहिले, लायनर तेवढेच राहिले, टायरवर लिहिलेली वजनाची मर्यादा तीच राहिली, ॲक्सल तोच, चाकाचे बोल्ट तेच, क्लच तोच. उलट नुकसानच झालं. आधी गाडी खाली बसायची तेव्हा निदान कळायचं की जास्त झालं. पाट्यानं तेवढी एक तक्रार करणारी जीभ कापून टाकली.

सपाट रस्त्यावर हे खपतं. पाच-पाच वर्षं खपतं, म्हणून तर टपरीवरच्या तिघांचा आवाज चढा असतो. कुंभार्ली सपाट नाही.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून मी हिशेब करून घेतला. एक टन वजन पाचशे मीटर उंचीवरून खाली आणायचं तर जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तिच्यात चौदा लिटर गार पाणी उकळायला लागेल. थोडी इंजिन अडवतं, तेही गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. बाकीची सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे महाभाग आपल्यात आहेत. त्यांचं सगळंच पाणी ब्रेकवर उकळतं. वजन दुप्पट केलंत की उष्णता दुप्पट, आणि ड्रम तेवढाच. तापलेला लायनर धरत नाही. पायाखाली पेडल असतं, पण त्याच्या पलीकडे काही नसतं.

माझा एक माजी विद्यार्थी असाच उतरत होता. पहाटे चारची वेळ, कोबी आणि फ्लॉवर, मागे वाढवलेला पाटा. जळका वास त्याला दोन वळणं आधी आला होता, हे त्यानं मला नंतर सांगितलं. पण चिपळूणचा बाजार पाचला सुरू होतो, म्हणून थांबला नाही. तिसऱ्या वळणावर ब्रेक लागला नाही. पोरगा हुशार, दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूच्या गटारात गाडी घातली. तो वाचला. शेजारी त्याचा धाकटा भाऊ बसला होता. क्लीनरचे पैसे वाचावेत म्हणून घरचाच नेला होता. त्याचा पाय मांडीत मोडला. तो माझ्या दहावीच्या वर्गात होता. मार्चमध्ये परीक्षा होती. त्याचं हॉल तिकीट मी दवाखान्यात नेऊन दिलं, का नेलं ते माझं मलाच माहीत नाही. पुढच्या वर्षी तो बसला नाही. आता एका गॅरेजमध्ये बसून काम करतो. कोणत्या कामात हात बसलाय, ते मी लिहिणार नाही.

मोठ्या भावाला मी विचारलं होतं, अपघाताच्या सहा महिने आधी, की एवढं का भरतोस? तो म्हणाला, "कुछ नै होता सर, अल्ला मालिक है." मालिक तोच आहे, यात मला शंका नाही. पण आरसी बुकावर मालक म्हणून नाव तुझं आहे, बाबा.

माप कमी देणाऱ्यांवर कुरआनात एक सूरह आहे, तिचं नावच त्यांच्यावरून आहे. बागवानाचं पोर लहानपणापासून ऐकतं की काटा मारायचा नाही. वजन जास्त लादणाऱ्यावर खुतबा मी आजवर ऐकलेला नाही. गिऱ्हाइकाला पन्नास ग्रॅम कमी दिले तर गुनाह, आणि भावाला दुप्पट वजनाखाली घाटात बसवलं तर ती हिकमत, असं काही आहे का? उलेमांनी सांगावं. वजन हा शब्द उर्दू शायरीतही आहे, तिथे तो वृत्ताचा. एक मात्रा जास्त झाली की शेर वजनातून पडतो आणि उस्ताद लाल रेघ मारतो. एका मात्रेला आम्ही एवढे कडक, आणि सातशे किलोला एवढे दिलदार.

आता समोरचा म्हणेल, आणि खरं म्हणेल, की सर, तुमचा पगार पहिल्या तारखेला होतो. अठ्ठावीस क्रेट भरले तर भाडं परवडत नाही. शेजारचा साठ नेतो, आडत्या त्यालाच माल देतो. ही हरकत मी हसण्यावारी नेणार नाही. कराड ते चिपळूण जाऊन-येऊन दोनशे किलोमीटर धरा, बारा-तेरा लिटर इंधन. दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत झालं तर तेवढं वाचतं आणि एक दिवस वाचतो. गरीब माणसाला तो दिवस मोठा असतो.

पण मग राग कुणावर काढायचा? आडत्यावर काढा. फेरीवर भाडं देणारा आणि "एकाच फेरीत आण" म्हणून फोन करणारा तो आहे. तो बहुतेक वेळा आपलाच असतो, आपल्याच सफमध्ये उभा असतो, इफ्तारची दावतही तोच देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला वीस हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार, असं कायद्यात आहे. चालवणाऱ्याबरोबर तशी गाडी चालवायला लावणाराही त्या कलमात बसतो. नाक्यावर मात्र हात पुढे कुणाचा येतो? पोराचा. आडत्याचा फोन तेव्हा लागत नाही. बाजारातल्या वीस गाडीवाल्यांनी एकदा बसून भाडं फेरीवर नाही तर क्रेटवर घ्यायचं ठरवलं, तर साठ क्रेटची ही शर्यत निम्मी संपेल. पीर-दर्ग्याच्या कमिटीवरून वर्ष-वर्ष भांडायला वेळ आहे, याला एक संध्याकाळ निघत नाही.

मोठीच घे म्हणणाऱ्यांना थोडक्यात सांगतो. बोलेरो पिकअप सव्वा-दीड टनापासून पुढे आहे. महिंद्रानं २०२३ मध्ये मॅक्स पिकअपची नवी मालिका आणली तेव्हा कंपनीनंच दोन रांगा केल्या, सिटी आणि एचडी. एचडी म्हणजे हेवी ड्यूटी, दोन टनांपर्यंत. कंपनीला जे कळतं की सगळ्यांना दोन टनाची गरज नसते, ते आपल्या फुफाला का कळत नाही? रोज आठशे किलो माल असणाऱ्यानं दोन टनाची गाडी घेतली तर बाराशे किलोची हवा हप्त्यावर घेतली. टायर मोठे, इंधन जास्त, विमा जास्त. भरल्या गाडीचं वजन तीन हजार किलोच्या वर गेलं की परमिट लागतं, खाली असेल तर लागत नाही, हेही शोरूममध्ये हारतुरे झाल्यावर कळतं. व्याजाचा सवाल तर वेगळाच. सुद घ्यायचं नाही म्हणून सगळे मान डोलावतात, आणि गरजेपेक्षा दुप्पट गाडी घेऊन दुप्पट सुद भरतात. मजबुरीत कर्ज काढलं हे मी समजू शकतो. मजबुरी पाऊण टनाची आणि कर्ज दोन टनाचं, हे कसं समजावं? आमच्या नाक्यावर अशा तीन गाड्या दुपारभर उभ्या असतात. धुतलेल्या, चकचकीत, मागे दुआ लिहिलेली.

लायसन्सचं कारण आता कुणी सांगू नये. साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं. छोटी गाडी घेऊन तिच्यावर मोठीचं ओझं टाकायला ती सबब उरलेली नाही.

भाच्याला मी टपरीवर काहीच सांगितलं नाही. घरी बोलावलं आणि शंभर पानी वही दिली. म्हटलं, महिनाभर रोजची फेरी लिही. किती क्रेट, काट्यावर वजन किती, घाट होता की नाही, परत येताना रिकामा की भरून. सुकी मासळी, नारळ, हंगामात आंबा, चिपळूणहून वर काही मिळतं का तेही लिही, कारण रिकामी परतणारी गाडी अर्धं भाडं खाते. तो वैतागला. "मामू, गाडी घेनी है, परीक्षा नै देनी." बहिणीनंही फोन केला की तू त्याला उगाच लटकवतोस, सणाच्या आधी गाडी दारात हवी.

काल तो वही घेऊन आला. बावीस दिवस लिहिलेत, अक्षर जसं दहावीत होतं तसंच आहे. त्यातले सोळा दिवस पंचेचाळीस ते पन्नास क्रेट. घाट सोळाही दिवस. म्हणजे त्याच्या कामाला छोटी गाडी नाहीच, पाटा असो की नसो. पाऊण टनात हा माल बसत नाही. आणि दोन टनही नको. तेराशे किलोवाल्या गाडीत दोन माणसं धरून बावन्न-त्रेपन्न क्रेट बसतात, हौद्यावर जाळी चढवली तर दोन-तीन कमी. त्यानं स्वतःच गुणाकार केला होता, समासात.

फक्त एक गोष्ट राहिली. वहीच्या शेवटच्या पानावर त्यानं लिहिलंय, रमजानमध्ये डबल माल, टरबूज. त्याचं म्हणणं, त्या एका महिन्यासाठी मोठीच घेऊ. मी म्हणालो, त्या महिन्यासाठी नाक्यावरच्या त्या तीन चकचकीत गाड्यांपैकी एक भाड्यानं घे, त्यांचेही हप्ते निघतील. त्यानं वही मिटली आणि म्हणाला, अम्मीला विचारतो.